कमी स्पिन म्हणजे जास्त अंतर? नाही!

गोल्फ खेळणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतो: ‘प्रो खेळाडू कमी लॉफ्टचा ड्रायव्हर आणि कडक शाफ्ट वापरून स्पिन कमीत कमी ठेवतात, तुम्हीही तेच करा, चेंडू लांब जाईल.’ (ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब फटक्याचा क्लब, लॉफ्ट म्हणजे त्याच्या फेसचा, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूचा, तिरपेपणा, शाफ्ट म्हणजे क्लबची दांडी आणि स्पिन म्हणजे चेंडूचं स्वतःभोवती फिरणं.) हे ऐकून चांगला चालणारा ड्रायव्हर बदलून बसलेले लोक मी पाहिले आहेत. म्हणून एकेक दावा तपासूया.

स्पिन जितका कमी तितकं अंतर जास्त, हा पहिला दावा. पण चेंडूला हवेत उचलून धरतो तो बॅकस्पिनच, म्हणजे मागच्या दिशेने फिरणं. तो फार झाला तर चेंडू वरच चढत राहतो आणि पुढची धाव संपते, हे खरं. पण फार कमी झाला तर चेंडू मध्येच खाली गळतो. फटके मोजणारी यंत्रं बनवणाऱ्या ट्रॅकमॅनने प्रसिद्ध केलेल्या, पुरुष प्रो खेळाडूंच्या पीजीए टूरच्या ड्रायव्हरच्या जुन्या सरासरीत क्लबचा वेग ताशी 113 मैल, लाँच, म्हणजे चेंडू निघण्याचा कोन, 10.9 अंश आणि स्पिन मिनिटाला 2686 फेरे आहे. स्त्रियांच्या एलपीजीए टूरवर वेग 94 मैल, स्पिन 2611, पण लाँच 13.2 अंश. म्हणजे वेग 19 मैलांनी घटला तरी स्पिन जवळपास तेवढाच राहिला, वाढला तो लाँचचा कोन. याचं कारण फटक्यात आहे: पुरुषांचा क्लब सरासरी 1.3 अंश खाली येत चेंडूला लागतो, स्त्रियांचा 3 अंश वर जाताना. ज्यांचा वेग याहूनही कमी आहे, त्यांनी स्पिन आणखी छाटला तर चेंडूला हवेत धरणार कोण?

दुसरा दावा कमी लॉफ्टचा. इथे अमेरिकन प्रो ब्रायसन डिशॅम्बोचं उदाहरण हमखास येतं. 2020 ची यूएस ओपन जिंकताना त्याच्याकडे 5.5 अंशांचा ड्रायव्हर होता. पण त्याचा वेग प्रचंड आणि फटका वरच्या दिशेने. क्लबवर छापलेला लॉफ्ट एक आणि चेंडूला भिडतानाचा लॉफ्ट वेगळा. त्या दुसऱ्या लॉफ्टमध्ये आणि क्लबच्या दिशेत जेवढं अंतर, तेवढा स्पिन. खाली मारणाऱ्याच्या हातात तोच ड्रायव्हर दिला तर चेंडू जेमतेम उठेल.

शाफ्टचं थोडक्यात सांगतो. त्याने लाँच आणि स्पिन बदलतात, पण सहसा थोडेच. शाफ्ट जुळला की टायमिंग जमतं आणि चेंडू फेसच्या मध्यावर येतो, ही त्याची खरी कमाई.

आणि या सल्ल्यात ज्याचा उल्लेखच नाही, ती गोष्ट सगळ्यात मोठी आहे: चेंडू फेसवर नेमका कुठे लागला. ड्रायव्हरच्या फेसवर पावडरचा स्प्रे मारा आणि चार-पाच फटके मारून ठसे बघा. ठसा मध्याच्या जरा खाली असेल तर चेंडू खालून निघतो आणि स्पिन वाढतो; जरा वर असेल तर लाँच वाढतो, स्पिन उतरतो. क्लब तोच, स्विंगही तोच! ठसे खाली येत असतील तर नवा ड्रायव्हर घेण्याआधी टी, म्हणजे चेंडू ठेवायची खुंटी, थोडा उंच करून बघा.

शिवाय प्रो स्पिनला घाबरत नाहीत. त्याच सरासरीत पुरुषांच्या 7 आयर्नचा, म्हणजे मधल्या अंतराच्या क्लबचा, स्पिन 7097 आहे, कारण चेंडू ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवतावर, थांबायला हवा. टायगर वूड्ससुद्धा बरीच वर्षं मऊ, जास्त स्पिन देणारा चेंडू खेळला. ग्रीनभोवती हवा तसा थांबणारा चेंडू आधी ठरवायचा आणि मग ड्रायव्हरचा लॉफ्ट आणि वजनं त्याला जुळवून घ्यायची, हाच अनेक प्रो खेळाडूंचा क्रम असतो.