फ्रंट पॅनेलची वायर उलटी लागली म्हणून मदरबोर्ड जळत नाही

नागपुरात पीसी जोडणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'कॅबिनेटच्या पुढच्या वायरी उलट्या लागल्या की मदरबोर्ड जळतो. लाल वायर नेहमी प्लस. बटण दाबून पीसी सुरू झाला नाही तर बोर्ड गेला समजा.' यातलं एकही वाक्य खरं नाही.

आधी जळण्याचं बघू. पॉवर आणि रीसेट हे नुसते स्विच आहेत. दाबलं की दोन पिना जोडल्या जातात, सोडलं की सुटतात. त्यांना प्लस-मायनस नसतं. दिशा असते फक्त पॉवर एलईडी आणि एचडीडी एलईडी (हार्ड डिस्कचा दिवा) यांना. तिथे उलटं लागलं तर दिवा पेटत नाही, एवढंच. पीसी बंद करून कनेक्टर फिरवून लावा.

रंगावर भरवसा ठेवूच नका. कित्येक कॅबिनेटमध्ये सगळ्याच वायरी काळ्या येतात. कनेक्टरवरचं नाव वाचा. छोटा त्रिकोण असेल तर ती बहुधा प्लसची बाजू.

बहुतेक बोर्डांवर या वायरींच्या पिनांची मांडणी ठरलेली असते: एचडीडी एलईडी १-३, पॉवर एलईडी २-४, रीसेट ५-७, पॉवर स्विच ६-८. १ आणि २ प्लस. १० नंबरची पिन नसतेच, त्या रिकाम्या जागेवरून दिशा ओळखायची. या पिनांजवळ एमएसआय कंपनीच्या बोर्डावर जेएफपी१, गिगाबाइटच्या बोर्डावर एफ_पॅनेल असं छापलेलं दिसेल. तरी मॅन्युअलमधली आकृती उघडून बघाच, कारण काही बोर्डांची मांडणी वेगळी असते.

आता 'बोर्ड गेला' याबद्दल. इथे लोकांचे पैसे फुकट जातात, म्हणून जरा सविस्तर. भर उन्हात कॅबिनेट बर्डीच्या (सीताबर्डी) बाजारात न्यायच्या आधी फ्रंट पॅनेलचे सगळे कनेक्टर काढा. एसएमपीएसचा (पीसीला वीज देणाऱ्या डब्याचा) स्विच चालू ठेवून ६ आणि ८ या दोनच पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. ९ नंबरला लागू देऊ नका, काही बोर्डांवर तिथे ५ व्होल्ट असतात. पीसी सुरू झाला तर दोष बटणात, वायरीत किंवा कनेक्टर लावलेल्या जागेत आहे. पॉवरचा कनेक्टर चुकून ५-७ वर बसणं हे तर नेहमीचंच. पीसी सुरू होऊन चारेक सेकंदांत बंद पडत असेल तर पॉवरचं बटण आत अडकलंय का बघा. पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही, अशा वेळी रीसेटचा कनेक्टर काढून बघा. अडकलेलं रीसेट बटण बोर्डाला पुढे जाऊच देत नाही. रीसेटची वायर मुळात लावली नाही तरी पीसी चालतो.

खरं नुकसान होतं ते शेजारच्या हेडरांवर, म्हणजे बोर्डावरच्या पिनांच्या इतर गटांवर. यूएसबी २.० च्या हेडरला ९ नंबरची पिन नसते आणि १-२ वर ५ व्होल्ट असतात. तो प्लग जबरदस्तीने उलटा किंवा एक घर सरकवून बसवला तर पोर्ट किंवा पेनड्राइव्ह जाऊ शकतो. यूएसबी ३.० चा जाड प्लग तिरका दाबला की पिना वाकतात. ५ व्होल्टची तीन पिनांची एआरजीबी (रंगीत दिव्यांची) पट्टी १२ व्होल्टच्या चार पिनांच्या हेडरवर लावली तर पट्टी जळते.

स्क्रू ड्रायव्हरची चाचणी सोडली तर प्रत्येक कामाआधी एसएमपीएसचा स्विच बंद करा आणि केबल काढा, नाहीतर पीसी बंद असतानाही बोर्डावर ५ व्होल्ट स्टँडबाय राहतात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत अंगावर स्टॅटिक साचतं, म्हणून आधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा.