जिवाणूंची भिंत वेगळीच असते

जिवाणूंवरचा लेख चांगला आहे, पण त्यातलं ‘जिवाणूंना वनस्पतींसारखीच पेशीभित्तिका असते’ हे वाक्य खटकलं. वनस्पतींची भिंत मुख्यतः सेल्युलोजची, जिवाणूंची पेप्टिडोग्लायकनची: शर्करांच्या साखळ्या आणि त्यांना आडवे जोडणारे अमिनो आम्लांचे छोटे तुकडे. पेनिसिलिन नेमकं हे जोडकाम बंद पाडतं. वाढत्या जिवाणूची भिंत कमकुवत होते, पाणी आत शिरतं आणि तो फुटतो. आपल्या पेशींना भिंतच नाही, म्हणून हे औषध जंतूला मारतं आणि आपल्या पेशींना सोडतं. मायकोप्लाझ्मा हा जिवाणूच, पण बिनभिंतीचा. तिथे पेनिसिलिनचा उपयोग शून्य.

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेते. दह्याच्या थेंबाचं ग्रॅम रंजन (जिवाणू रंगवून त्यांची भिंत ओळखायची पद्धत) केलं की लॅक्टोबॅसिलसच्या जांभळ्या काड्या दिसतात, कारण त्यांची जाड भिंत अल्कोहोलने धुतल्यावरही क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग सोडत नाही. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या भिंतीत पेप्टिडोग्लायकनचा थर पातळ, म्हणून तो जांभळा रंग सोडतो आणि नंतर घातलेल्या सॅफ्रॅनिन या रंगाने गुलाबी होतो. (अल्कोहोल जास्त वेळ ठेवलं तर जांभळेही गुलाबी दिसतात, आणि मुलं हमखास तेच करतात.) जिवाणूंना केंद्रक नाही, मायटोकाँड्रिया नाहीत, हे लेखात नीट आलंय. भिंतीचं तेवढं दुरुस्त करा, बारावीची मुलं हे वाचतात.