मागणी शांत असते, खवळतो आपण

सप्लाय चेनवर कुठेही चर्चा सुरू झाली की पाचव्या मिनिटाला कुणीतरी त्या जहाजाचं नाव काढतंच. एव्हर गिव्हन. 23 मार्च 2021 ला सुएझ कालव्यात आडवं झालेलं ते 400 मीटर लांबीचं जहाज सहा दिवसांनी सुटलं, पण प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाइडवरून अजून हललेलं नाही. मग कोविड येतो, मग चिपचा तुटवडा, मग तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालणारी जहाजं. "जग फार अनिश्चित झालंय" यावर सगळे माना डोलावतात आणि कुणीतरी नव्या सॉफ्टवेअरचं कोटेशन मागवतं.

संकटं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. प्लॅनिंगमध्ये बसून ती झेललेली आहेत. पण जहाज अडकलेलं नसतं, संप नसतो, पूर नसतो, अशा साध्यासुध्या महिन्यातही एका गोडाऊनमध्ये माल तुंबलेला असतो आणि दुसऱ्यात नसतो, त्याचं काय? तो गोंधळ बाहेरून आलेला नसतो. तो आपणच तयार केलेला असतो. हे माझं एकट्याचं तिरकस मत नाही, या विषयातलं संशोधन साठ वर्षांहून जास्त काळ हेच सांगतंय. ऐकायला मजा येत नाही म्हणून स्लाइडवर जहाज राहतं, एवढंच.

एमआयटीतल्या जे फॉरेस्टर यांनी 1958 मध्येच दाखवलं होतं की दुकानातल्या विक्रीत थोडासा बदल झाला तरी ऑर्डर वितरकाकडून कारखान्याकडे जाताना टप्प्याटप्प्याला फुगत जाते. याला आज बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. त्यातूनच पुढे 'बिअर गेम' नावाचा खेळ आला. मॅनेजमेंट शिकलेल्यांनी तो बहुधा खेळलेला असतो, आणि बहुतेकांना त्यातला हशा तेवढा आठवतो.

खेळ असा. चार जण ओळीने बसतात: किरकोळ विक्रेता, होलसेलर, डिस्ट्रिब्युटर आणि कारखाना. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त ऑर्डरची चिठ्ठी पुढे सरकवायची. चिठ्ठी पोचायला वेळ, माल यायलाही वेळ. शिल्लक मालावर दर आठवड्याला बिअरच्या केसमागे (खोक्यामागे) अर्धा डॉलर खर्च, मागितलेला माल देणं थकलं तर एक डॉलर. सुरुवातीला प्रत्येकाकडे 12 केसचा स्टॉक. गिऱ्हाईक पहिले चार आठवडे 4 केस मागतं, पाचव्या आठवड्यात 8 मागतं आणि शेवटपर्यंत 8 वरच राहतं. संपूर्ण खेळात मागणी एकदाच बदलते.

आता किरकोळ विक्रेत्याच्या खुर्चीत बसून बघा. पाचव्या आठवड्यात 8 गेले, वाटेतले 4 आले, म्हणजे स्टॉक 12 चा 8 झाला. तो थोडी जास्त ऑर्डर टाकतो. पुढच्या आठवड्यात परत 8 गेले आणि आले 4 च, कारण ते जुन्या ऑर्डरचे. वाढवलेली ऑर्डर अजून वाटेतच आहे, पण त्याच्या डोळ्यापुढे खाली जाणारा स्टॉक आहे. तो आणखी मोठी ऑर्डर टाकतो. त्याच्या मागच्या होलसेलरला 8 केस मागणारं गिऱ्हाईक दिसतच नाही, त्याला दिसते अचानक तिप्पट झालेली चिठ्ठी. तो आपला अंदाज वर 'थोडंसं हाताशी असू दे' धरून पुढे पाठवतो. कारखान्याकडे पोचेपर्यंत त्याचा डोंगर होतो. काही आठवड्यांनी सगळा माल एकदम येऊन पडतो आणि मग ऑर्डर शून्य. कारखानदाराला आठवड्यामागून आठवडे कोऱ्या चिठ्ठ्या येत राहतात.

जॉन स्टरमन यांनी 1989 मध्ये या खेळाच्या निकालांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. संघांचा सरासरी खर्च, शक्य असलेल्या किमान खर्चाच्या जवळपास दहापट निघाला. कारण अगदी साधं सापडलं: हातातला स्टॉक माणूस बघतो, पण ऑर्डर दिलेला आणि अजून न आलेला माल हिशेबात धरायला विसरतो. खेळ संपल्यावर लोकांना गिऱ्हाइकाच्या मागणीचा आलेख काढायला सांगतात, तेव्हा ते डोंगरदऱ्या काढतात. प्रत्यक्षात ती एकच पायरी चढलेली सरळ रेघ असते. पण प्रत्येकाची खात्री असते की गिऱ्हाईकच लहरी होतं.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं: "माहिती शेअर केली की सुटेल." बऱ्याच अंशी मलाही तसंच वाटायचं. पण रेचेल क्रोसन, कॅरेन डोनोह्यू, एलेना कॅटोक आणि स्टरमन यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मागणीतली अनिश्चितताच काढून टाकली. मागणी कायम सारखी, आणि ते चौघांनाही आधीच सांगितलेलं. तरीही ऑर्डरी फुगल्या! कारण मागणी माहीत असली तरी शेजारचा काय करेल याची खात्री नसते. तो घाबरून जास्त मागवेल या भीतीने मी आधीच जास्त मागवतो. या प्रयोगांत उपयोग कशाचा झाला, तर थोड्या जादा स्टॉकचा. शेजाऱ्याच्या घबराटीसाठी ठेवलेला स्टॉक म्हणा हवं तर. 'इन्व्हेंटरी म्हणजे पाप' असं मानणाऱ्या साहेबांना हा निकाल पचवायला जड जाईल.

आता हे ऑफिसात कसं दिसतं? सोमवारी पीओ (खरेदीची ऑर्डर) सुटलेली असते. गुरुवारी रिपोर्टमध्ये तो आयटम लाल होतो. लाल, कारण रिपोर्टमध्ये पुढे असतो तो हातातला स्टॉक. पेंडिंग पीओ तीन क्लिक आत, वेगळ्या स्क्रीनवर. सेल्सचा फोन येतो, मग प्रॉडक्शनचा, मग कुणाच्या तरी साहेबांचा. 'अर्जंट' लिहिलेला मेल फिरतो आणि शांतता विकत घ्यायची म्हणून आणखी एक पीओ सुटते. दोन्ही माल एकाच आठवड्यात गेटवर उभे राहतात. मग स्टोअर ओरडतं की जागा नाही आणि फायनान्स विचारतं की पैसा कुठे अडकला. पुढच्या मीटिंगमध्ये यावर निष्कर्ष काय निघतो? डिमांड फार व्होलाटाइल आहे.

बरं, दर वेळी माणूस विसरतो किंवा घाबरतो असंही नाही. हाऊ ली, पद्मनाभन आणि व्हांग या तिघांनी 1997 मध्ये याच गोष्टीची दुसरी बाजू मांडली: सगळे हुशारीने वागले तरी बुलव्हिप होतोच. ट्रक भरून पाठवायचा म्हणून ऑर्डरी साठवल्या जातात. स्कीम लागली की तीन महिन्यांचा माल एकदम उचलला जातो. प्रत्येक टप्पा खालच्याच्या ऑर्डरलाच मागणी समजून स्वतःचा फोरकास्ट (मागणीचा अंदाज) करतो. आणि टंचाईची कुणकुण लागली, मागणीच्या प्रमाणात कोटा मिळणार हे कळलं, की दहा हवे असतील तर वीस मागायचे. हे शेवटचं सगळ्यात महागात पडतं. नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोने 2001 मध्ये 2 अब्ज डॉलरहून जास्त किमतीची इन्व्हेंटरी राइट ऑफ केली. तेजीत माल मिळेना म्हणून ग्राहकांनी दोन-दोन ठिकाणी नोंदवलेल्या ऑर्डरी मंदी येताच हवेत विरल्या होत्या. वीस वर्षांनी चिपच्या टंचाईत लोकांनी पुन्हा तेच केलं. स्कीम आणि मंथ एंडच्या टार्गेटवर एक स्वतंत्र पोस्ट होईल, पण ती लिहिली तर सेल्समधले निम्मे मित्र अनफ्रेंड करतील, म्हणून राहू दे.

फोरकास्टकडे येतो, कारण तिथे एक अभ्यास मला सगळ्या टीमला वाचून दाखवावासा वाटतो. फिल्ड्स, गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये चार कंपन्यांमधले साठ हजारांहून जास्त फोरकास्ट तपासले. प्रश्न एवढाच होता की सॉफ्टवेअरने दिलेल्या आकड्यावर माणसाने हात फिरवला की तो सुधारतो का? उत्तर मोठं मार्मिक आहे. मोठे बदल बहुतेकदा उपयोगी ठरले, कारण कुणी उगाच आकडा निम्मा करत नाही. त्याच्या हाती खरोखर काही बातमी असते: मोठं टेंडर गेलंय, ग्राहकाची लाइन बंद होतेय. छोटे बदल मात्र बरेचदा नुसता वेळ खातात, वर अचूकताही घटवतात. आणि खाली आणलेल्या आकड्यांपेक्षा वर नेलेले आकडे जास्त चुकतात. आशा, दुसरं काय.

फोरकास्ट मीटिंगमध्ये बसलेल्या कुणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल. 1,240 चे 1,300 करायचे, 860 चे 900 करायचे. विचारलं "का?" तर "राउंड फिगर बरी वाटते" किंवा "मार्केट चांगलं आहे". मी आता एकच आग्रह धरतो: बदल करायचा असेल तर शेजारच्या रकान्यात कारण लिहा. निम्म्याहून जास्त बदल तिथेच गळतात, कारण लिहायला काही नसतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात कंटाळवाणी आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्षित: सिस्टीममधला स्टॉक आणि रॅकवरचा स्टॉक. निकोल डिहोरेशस आणि अनंत रामन यांनी एका रिटेल कंपनीच्या 37 स्टोअर्समधल्या जवळपास 3,70,000 नोंदी तपासल्या. त्यातल्या 65 टक्के नोंदी प्रत्यक्ष मालाशी जुळत नव्हत्या. हा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. बारकोड होते, कॉम्प्युटर होते, तरीही. अशा पायावर आपण एआय उभं करायला निघालोय.

यातली सगळ्यात वाईट केस अगदी साधी असते. सिस्टीम म्हणते 6 नग आहेत. रॅकवर एकही नाही. कुणीतरी चुकीच्या बिनमध्ये (रॅकच्या कप्प्यात) ठेवलेत, तुटलेत किंवा दुसऱ्याच कोडवर स्कॅन झालेत. माल नाही म्हणून विक्री नाही. विक्री नाही म्हणून सिस्टीममधला 6 कधी कमी होत नाही. 6 कमी होत नाहीत म्हणून ऑटो ऑर्डर सुटत नाही. तीन महिन्यांनी रिपोर्ट म्हणतो की हा आयटम स्लो मूव्हिंग आहे, बंद करा. चालता आयटम एका चुकीच्या नोंदीने मारला आणि कुणाला पत्ताही नाही. यावर उपाय आहे सायकल काउंट, म्हणजे थोड्या थोड्या मालाची नियमित प्रत्यक्ष मोजणी. एक माणूस, एक स्कॅनर, रोज थोडे बिन. आणि बजेट कापायची वेळ आली की पहिली कात्री यालाच लागते.

आता जहाजवाल्यांसाठी थोडं. मोठ्या संकटांवरचं संशोधनही बाहेरच्या नकाशापेक्षा आपल्याच खरेदीच्या यादीकडे बोट दाखवतं. एमआयटीचे डेव्हिड सिमची-लेवी यांनी फोर्डसोबत काम करताना 'संकट कधी येईल' हा प्रश्नच बाजूला ठेवला. विचारलं एवढंच: हा सप्लायर बंद पडला तर परत उभा राहायला किती दिवस, आणि तोवर आपण किती दिवस तग धरू? निघालं असं की ज्या सप्लायरवर सर्वाधिक पैसा खर्च होतो तिथेच मोठा धोका असतो हे खरं नाही. बरेचदा लाइन थांबवतो तो अगदी स्वस्त पार्ट. खरेदी विभागाचं लक्ष मात्र वरच्या 20 टक्के महागड्या आयटमवर, खर्चानुसार मालाचे ए, बी, सी वर्ग पाडणाऱ्या एबीसी अ‍ॅनालिसिसने शिकवलेलं असतं तसं. 'सी' क्लास म्हणून सोडून दिलेल्या ओळींत काय दडलंय ते कुणी बघत नाही.

टोयोटाने हे फेब्रुवारी 1997 मध्ये सोसलं. आयसिन या सप्लायरच्या कारखान्याला आग लागली आणि ब्रेकमधला एक छोटा स्वस्त व्हॉल्व्ह, जो जवळपास सगळा तिथूनच यायचा, मिळेनासा झाला. टोयोटाचे असेंब्ली प्लँट थांबले. इतर सप्लायरांनी आपापल्या मशिनींवर तो व्हॉल्व्ह बनवायला घेतला आणि आठवड्याभरात गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. जपानमधल्या 2011 च्या भूकंपानंतर तर टोयोटाने निवडक चिपचा काही महिन्यांचा साठा सप्लायरांकडे ठेवायला लावला. म्हणून 2021 च्या टंचाईत सुरुवातीला ती इतरांपेक्षा बरी टिकली. त्या काळात "जस्ट इन टाइम (लागेल तेव्हाच माल मागवायची पद्धत) मेलं" असे लेख धडाधड येत होते, तेव्हा मला हसू यायचं. ज्यांनी ती पद्धत जन्माला घातली त्यांनाच कुठे साठा नको आणि कुठे हवा हे नीट माहीत होतं. नक्कल करणाऱ्यांनी फक्त 'साठा नको' एवढंच उचललं.

ऑटोमेशनबद्दल विचारणारे कमेंटमध्ये येतीलच, म्हणून आधीच सांगतो. वाटेतला माल धरून ऑर्डर काढणं मशीनला माणसापेक्षा नक्की चांगलं जमतं, ते त्याच्यावर सोडा. पण व्हॅन डॉन्सेलार आणि सहकाऱ्यांचा 2010 चा अभ्यासही वाचा. सुपरमार्केटचे मॅनेजर सिस्टीमने सुचवलेल्या ऑर्डरी सतत बदलत होते. वरवर बघता बेशिस्त. खोलात गेल्यावर दिसलं की ते गर्दीच्या दिवसाचा माल आधीच्या मोकळ्या दिवसांवर ढकलत होते, कारण माल उतरवून रॅकवर लावायला माणसं किती आहेत हे सिस्टीमच्या हिशेबात नव्हतंच. तिथे माणूस बरोबर होता.

म्हणून नवा टूल घ्यायच्या मीटिंगमध्ये मी विक्रेत्याला डेमो थांबवून तीन गोष्टी दाखवायला सांगतो: पेंडिंग पीओ हातातल्या स्टॉकच्या शेजारीच दिसतात का, फोरकास्ट बदलणाऱ्याचं कारण आणि महिन्याभराने त्याचा निकाल एकत्र दिसतो का, आणि बरेच दिवस न हललेल्या पण स्टॉक दाखवणाऱ्या आयटमची यादी मोजणीसाठी आपोआप निघते का. बहुतेक वेळा उत्तर येतं, "सर, ते कस्टमायझेशनमध्ये करून देऊ." आणि स्क्रीनवर पुन्हा जगाचा नकाशा उघडतो, त्यावर हलणारी छोटी छोटी जहाजं.

तुमच्याकडे पहिल्या स्क्रीनवर काय दिसतं? प्लॅनिंग, स्टोअर, डिस्पॅचवाल्यांनी जरूर लिहा.