रडावं, पण पडद्याकडे बघून

कौटुंबिक मालिका बघताना पहिला नियम असा, की रडायचं ते सरळ पडद्याकडे बघून. मान डावीकडे वळवायची नाही. डावीकडे स्वयंपाकघराचं दार असतं आणि त्या दारात, हातातलं लाटणं तसंच धरून, तुमची आई उभी असते.

२०१९च्या जुलैत झी मराठीवर 'अग्गंबाई सासूबाई' सुरू झाली तेव्हा तुम्ही हा नियम चोख पाळलात. निवेदिता सराफांची आसावरी, नवरा गेलेली, उभा जन्म सासऱ्यांच्या धाकात आणि 'बबड्या'च्या लाडात काढलेली. सून शुभ्रा तिचं लग्न शेफ अभिजित राजेंशी लावून द्यायला निघाली आणि पोटच्या पोरानंच मोडता घातला. काय संतापलात त्या बबड्यावर! त्या भरात तुमचा चहा निवला. कप न बघताच मागे धरलात, आईनं गरम करून आणून दिला. जाहिराती संपायच्या आत.

पुरोगामीपणाचा विषय निघालाच तर सनावळी पाठ ठेवावी. विधवाविवाहाचा कायदा १८५६चा. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवा गोदूबाईंशी लग्न केलं, तर मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. इथे 'काय माणसं होती एकेक!' म्हणून हळहळावं आणि चटकन विषय बदलावा. नाहीतर समोरचा विचारायचा, बाबा गेले तेव्हा आईचं वय काय होतं? (४१.)

खरी कसोटी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. तिळगूळ आईनंच वळायचा, कारण पाकाची गोळी वाटीत टण् वाजली की नाही हे तुमच्या बायकोला कुठलं कळायला! वाणाच्या डब्याही तिनंच पुसून ताटात मांडायच्या. पहिली बेल वाजली की आतल्या खोलीत जायचं, तेही तिचं तिनंच. तुम्ही सांगायचं नाही हं! 'आम्ही काही मानत नाही, तिलाच आवडत नाही,' हे वाक्य आहे ना.

२०२२च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. ती बातमी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्हीच टाकली होतीत, वर हात जोडलेले. आईनं काही ती वाचली नाही. तिचा फोन नातवाकडे असतो, गेम खेळायला.

आणि समजा, आई सकाळी बागेत कुणा निवृत्त गृहस्थाबरोबर फेऱ्या मारू लागली, तर बबड्यासारखा थयथयाट करू नये. तो करणारा उघडा पडतो. 'गुडघे दुखतात ना गं तुझे,' एवढंच मायेनं म्हणावं आणि सकाळचा नातवाचा डबा तिच्याकडे सोपवावा. ओट्यापाशी तासभर उभं राहिलं तर गुडघे दुखत नाहीत.

बरं, शू! भाग सुरू होतोय. आईला म्हणावं, मिक्सर नंतर लाव.