माराकेशचा ‘गुप्त करार’ आणि अण्णांनी पाठवलेला मेसेज

परवा रात्री साडेदहाला ताईचा फोन. आवाज रडवेला. “अगं, घरात सगळे म्हणतायत, पोरीचं जर्मनीचं थांबवा.”

माझी भाची नर्स आहे. मिरजेला रात्रपाळी करून सकाळी घरी येते, तोंडावर पाणी मारते आणि सात वाजता जर्मनच्या ऑनलाइन क्लासला बसते. ताईच्या फ्रिजवर ‘देर क्यूलश्रांक’ अशी चिठ्ठी चिकटवलेली आहे, दारावर ‘दी ट्यूर’. दीड वर्षाचे कष्ट, जर्मनची बी-टू पातळीची परीक्षा तोंडावर, आणि हे सगळं थांबवायचं कशावरून? तर ताईच्या थोरल्या दिरांनी, अण्णांनी, घरच्या ग्रुपवर टाकलेल्या एका मेसेजवरून.

मेसेज असा: “युरोप विकला गेला! २०१८ साली माराकेशमध्ये युरोप आणि आफ्रिकेच्या सरकारांनी गुप्त करार केला. २० कोटी आफ्रिकी लोक युरोपात वसवणार. जर्मनीने एकट्या केनियातून अडीच लाख माणसं घ्यायचं कबूल केलंय. सगळा आफ्रिका खंड बोटीत बसून युरोपकडे निघालाय. पहिल्याच बोटी समुद्रातून मागे ढकलल्या असत्या तर ही वेळ आली नसती. आपल्या मुलाबाळांना तिकडे पाठवू नका. डोळे उघडा, सगळ्यांना पाठवा.”

दोन दिवसांत हाच मजकूर मला सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि माझ्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरही. मी वीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय. ज्यांना नकाशावर माराकेश दाखवलं तीच मुलं आता हे पुढे पाठवतायत, याचा मला फार त्रास झाला. अण्णा, तुम्ही मोठे आहात, तुमचा मान आहे. पण आता यातलं एकेक वाक्य घेऊन बोलणं भाग आहे.

आधी माराकेश. २०१८ साली मोरोक्कोतल्या या शहरात स्थलांतरावर दोन बैठका झाल्या, आणि मेसेज लिहिणाऱ्याने दोन्हींची खिचडी केलीय. पहिली २ मे रोजी. तिचं मूळ २००६ मध्ये आहे. त्या वर्षी सेनेगल, मॉरिटानियाच्या किनाऱ्यावरून मच्छीमारांच्या लाकडी होड्यांतून ३१ हजारांच्या आसपास माणसं स्पेनच्या कॅनरी बेटांवर उतरली. स्पेन हादरलं, आणि त्याच जुलैमध्ये मोरोक्कोची राजधानी रबातमध्ये युरोपचे आणि पश्चिम, मध्य, उत्तर आफ्रिकेचे मंत्री एकत्र बसले. तेव्हापासून दर काही वर्षांनी ते भेटतात. याला ‘रबात प्रक्रिया’ म्हणतात, आणि माराकेशची बैठक ही त्यातली पाचवी. तिथे जे जाहीरनाम्यात लिहिलं त्याचे पाच भाग आहेत: स्थलांतराची मूळ कारणं आणि विकास, कायदेशीर ये-जा, आश्रय मागणाऱ्यांचं संरक्षण, बेकायदा स्थलांतर आणि मानवी तस्करी रोखणं, आणि माणसांना मायदेशी परत पाठवणं, तिथे परत घेणं. मजकूर इंटरनेटवर कुणालाही वाचता येतो. हंगेरीने त्यावर सही करायला नकार दिला आणि तो सगळ्या जगाला ओरडून सांगितला. मग हा करार गुप्त राहिला कुणापासून?

दुसरी बैठक १० डिसेंबरची, संयुक्त राष्ट्रांची. १६४ देशांनी स्थलांतराविषयीची जागतिक संहिता स्वीकारली. नऊ दिवसांनी आमसभेत मतदान झालं: १५२ देश बाजूने, ५ विरोधात, १२ तटस्थ. भारताने बाजूने मत दिलं. ही संहिता कायद्याने कुणावरही बंधनकारक नाही, आणि कुणाला देशात घ्यायचं हे ठरवण्याचा अधिकार ज्या त्या देशाचाच आहे, हे तिच्यातच स्पष्ट लिहिलंय. २० कोटींचा आकडा यातल्या कुठल्याही कागदावर नाही. माणसं युरोपात ‘वसवण्या’चं वचनही नाही.

केनियाचं लवकर आटोपते. १३ सप्टेंबर २०२४ रोजी बर्लिनमध्ये जर्मनी आणि केनिया यांच्यात करार झाला, हे खरं. त्यात अडीच लाख सोडा, कुठलाच आकडा नाही. अडीच लाखांची बातमी पसरल्यावर जर्मनीच्या गृहखात्याने स्वतःच ती धादांत चुकीची असल्याचं जाहीर केलं. उलट ज्या केनियन माणसाला जर्मनीत राहायचा हक्क उरलेला नाही, त्याच्या पासपोर्टची मुदत संपलेली असली तरी केनियाने त्याला परत घ्यायचं, असं कलम त्यात आहे. आणि अण्णा, याच जातीचा करार जर्मनीने ५ डिसेंबर २०२२ रोजी आपल्या देशाशी केला. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा त्याची बातमी तुम्हीच ग्रुपवर टाकून पुढे हात जोडले होते. मिरजेची नर्स जर्मनीत गेली तर अभिमान आणि नैरोबीची गेली तर आक्रमण, हे मला मान्य नाही.

‘सगळा आफ्रिका खंड युरोपकडे निघालाय’ यावर दोनच आकडे देते, दोन्ही संयुक्त राष्ट्रांच्या स्थलांतर संघटनेच्या जागतिक अहवालातले, २०२० सालचे. आपला देश सोडून आफ्रिकेतल्याच दुसऱ्या देशात राहणारे आफ्रिकी लोक: सुमारे २ कोटी १० लाख. युरोपात राहणारे: सुमारे १ कोटी १० लाख. बुर्किना फासोचा माणूस घाम गाळायला शेजारच्या आयव्हरी कोस्टच्या कोकोच्या मळ्यात जातो. मराठवाड्यातून ऊसतोडीला माणसं निघतात, तसंच.

आता ते वाक्य, ज्यामुळे मी लिहायला बसले. ‘पहिल्याच बोटी समुद्रातून मागे ढकलल्या असत्या तर.’ अण्णा, तुम्ही हे वाचून खाली अंगठा दाखवलात. बोटी मागे ढकललेल्या आहेत. करार करून, सरकारी जहाजांनी ढकलल्या आहेत. काय झालं ते न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेलं आहे.

२००८ साली इटलीचे पंतप्रधान बर्लुस्कोनी आणि लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी यांनी लिबियातल्या बेनगाझीत मैत्री करार केला. इटलीने २० वर्षांत ५ अब्ज डॉलर द्यायचे, लिबियाने इतर गोष्टींबरोबर बोटी रोखायला मदत करायची. ६ मे २००९ रोजी इटलीच्या लाम्पेदुसा बेटाच्या दक्षिणेला ३५ सागरी मैलांवर, लिबियाहून आलेल्या तीन बोटी इटलीच्या जहाजांनी अडवल्या. आत सुमारे दोनशे माणसं. त्यांना जहाजांवर घेतलं आणि दहा तास प्रवास करून त्रिपोली बंदरात आणलं. कुठे नेतोय हे त्यांना सांगितलं नाही. नाव-गाव विचारलं नाही. जवळच्या वस्तू काढून घेतल्या, कागदपत्रांसकट. बंदरात उतरताना, आम्हाला लिबियाच्या ताब्यात देऊ नका, असं ती माणसं विनवत होती. तरी दिलं. लिबियाशी झालेल्या करारांना धरूनच हे केलं, असं इटलीच्या गृहमंत्र्यांनी दुसऱ्या दिवशी पत्रकारांना सांगितलं.

त्यातले २४ जण स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. ११ सोमालियाचे, १३ एरिट्रियाचे. सोमालियात यादवी युद्ध. एरिट्रियात सक्तीची लष्करी सेवा, जिला मुदत नाही आणि जी सोडून पळालं तर तुरुंग. ‘पोटासाठी घुसणारे’ म्हणून तुम्ही ज्यांना मोडीत काढता, ती ही माणसं. २३ फेब्रुवारी २०१२ रोजी १७ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला. समुद्र कुणाचा का असेना, माणूस इटलीच्या जहाजावर आहे म्हणजे त्याची जबाबदारी इटलीची. जिथे छळ होणार हे ठाऊक आहे तिथे, किंवा जिथून पुढे त्याला मायदेशी छळाच्या हाती दिलं जाईल तिथे, त्याचं म्हणणं न ऐकता सोडता येत नाही. प्रत्येकी १५ हजार युरो भरपाई द्यायला सांगितली. निकाल लागेपर्यंत त्या २४ पैकी दोघे मेलेले होते.

२००९ मध्ये बोटी मागे ढकलल्यावर वर्ष-दीड वर्ष इटलीकडे येणाऱ्या बोटी कमी झाल्या, हे मी मान्य करते. मग २०११ साली गद्दाफीची सत्ता कोसळली आणि बोटी पुन्हा निघाल्या.

निकालातून युरोपने धडा घेतला तो असा, की आपलं जहाज वापरायचं नाही. २ फेब्रुवारी २०१७ रोजी इटलीने लिबियाशी नवा समझोता केला. गस्ती बोटी, पैसा, प्रशिक्षण युरोपचं. पकडणारे हात लिबियाच्या तटरक्षकांचे. तेव्हापासून लाखाहून जास्त माणसं समुद्रातून पकडून परत लिबियात नेली गेली, आणि त्यातली फार मोठी संख्या थेट कोठडीत गेली. जुलै २०१९ मध्ये त्रिपोलीजवळच्या ताजुरा कोठडीवर हवाई हल्ला झाला, ५३ जण ठार झाले. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने लिबियात स्थलांतरितांवर मानवतेविरुद्धचे गुन्हे झाल्याचं सांगितलं, गुलामगिरीसकट. आणि २०१४ पासून भूमध्य समुद्रात मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या माणसांची मोजदाद ३० हजारांच्या वर गेलीय. अजून किती ढकलायचं?

वाळवंटात काय झालं तेही ऐका. नायजरमधलं अगादेझ हे सहाराच्या तोंडाशी असलेलं जुनं व्यापारी गाव. तिथून टोयोटाच्या पिकअप लिबियाकडे निघायच्या. मागच्या हौद्यात पंचवीस-तीस माणसं, काठावर बसलेल्यांचे पाय बाहेर लोंबणारे, पडू नये म्हणून पायांमध्ये काठी रोवलेली. बाजूला पाण्याचे कॅन टांगलेले, वर ओलं बारदान गुंडाळलेलं. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी गार ठेवायला करतात ना, तस्संच. पश्चिम आफ्रिकेच्या देशांमध्ये नागरिकांना व्हिसाशिवाय ये-जा करायचा हक्क १९७९ पासून आहे, त्यामुळे अगादेझपर्यंत येणारा बहुतेक माणूस कायद्याने येत होता. २०१५ साली युरोपच्या आग्रहाने नायजरने कायदा केला आणि त्यांना उत्तरेकडे नेणं गुन्हा ठरवला. गाड्या जप्त, चालक तुरुंगात. उरलेले चालक लष्कराला चुकवायला नेहमीचा, विहिरींचा रस्ता सोडून आडवाटेने जाऊ लागले. गाडी बंद पडली की पाणी नाही आणि मागून येणारं कुणी नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये नायजरच्या लष्करी राजवटीने हा कायदाच रद्द केला.

तुमच्या मेसेजमधल्या ‘गुप्त’ या शब्दात निम्मं सत्य आहे, आणि ते मला नाइलाजाने मान्य करावं लागतंय. हे व्यवहार लोकांपासून दूर, घाईघाईत होतात. २०१७ चा इटलीचा समझोता संसदेच्या मंजुरीशिवाय झाला. नोव्हेंबर २०१५ मध्ये माल्टाच्या व्हॅलेटा परिषदेत युरोपने आफ्रिकेसाठी आपत्कालीन निधी उभा केला. तो पुढे ५ अब्ज युरोंच्या घरात गेला. मानवी हक्कांच्या तक्रारी नोंदवून त्यांचा पाठपुरावा करण्याची धड पद्धतच त्यात नाही, असं युरोपच्याच लेखापरीक्षकांनी २०२४ मध्ये लिहिलं. आफ्रिकेचे सत्ताधारी पैसे घेतात हेही खरं. २०१० साली गद्दाफीने रोममध्ये उभं राहून वर्षाला ५ अब्ज युरो मागितले होते. पण अण्णा, हा सगळा पैसा माणसं पाठवण्यासाठी दिलेला नाही. तो माणसं अडवण्यासाठी दिलाय. तुमचा मेसेज नेमका इथे उलटा आहे.

जुलै २०२३ मध्ये ट्युनिशियाने शेकडो काळ्या माणसांना पकडून लिबियाच्या सीमेवर वाळवंटात नेऊन सोडलं. त्यातल्या एक आई आणि तिची सहा वर्षांची मुलगी, वाळूत एकमेकींना बिलगून पालथ्या पडलेल्या, असा फोटो जगभर गेला. त्याच महिन्यात, १६ तारखेला, युरोपीय संघाने ट्युनिशियाशी समझोता केला आणि स्थलांतर रोखण्यासाठी १० कोटी ५० लाख युरो कबूल केले. ‘आमच्या देशाची लोकसंख्या बदलण्याचा कट चाललाय’ हे वाक्य तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी, कैस सईद यांनी, त्याच वर्षी फेब्रुवारीत काळ्या स्थलांतरितांबद्दल वापरलं होतं. तुमच्या मेसेजमध्ये तोच कट आहे, फक्त देश वेगळा. त्या भाषणानंतर भाड्याच्या घरांतून माणसं रस्त्यावर काढली गेली, मारहाण झाली.

राहता राहिली भाची. तिची काळजी करायची तर खऱ्या गोष्टींची करा. एजंट अनामत मागतोय का, करारात पगार किती आणि तास किती, तिकडे नर्सिंगच्या पदवीला मान्यता मिळेपर्यंत तिला कुठल्या कामावर ठेवणार, हे विचारा. ही चौकशी मी ताईबरोबर बसून करणार आहे, तुम्हीही या. परीक्षेची फी भरलेली आहे आणि ती परीक्षेला बसणार आहे.

आणि एक मागणं आहे. बाकीचा मेसेज ठेवायचा तर ठेवा, त्यावर आपण वाद घालू. पण बोटी मागे ढकलण्याच्या त्या वाक्याला तुम्ही जो अंगठा दाखवलाय, तो काढा, आणि काढला असं ग्रुपवर लिहा. त्या ग्रुपवर आपली नातवंडंही आहेत.