ज्वालाग्राही, पण फक्त हायवेवर

गॅसची टाकी धोकादायक कधी असते, असा प्रश्न तुम्हाला सोलापुरात पडला असेल, तर तुम्ही बहुधा बाहेरगावचे. इथल्या माणसाला टाकी कधी येणार, एवढाच प्रश्न पडतो. तरी उद्या कुणी विचारलंच तर पंचाईत नको, म्हणून हा फुकटचा सल्ला.

सुरुवात पुणे नाक्यावरून करा. तिथे उभं राहून एलपीजीच्या गाड्या बघा. पाठीवर लाल चौकट, तीत ज्योत, खाली 2 चा आकडा. टँकर असेल तर 1075 हा संयुक्त राष्ट्रांनी दिलेला क्रमांक आणि गळती झाली तर फोन कुणाला करायचा तेही. हा सगळा थाट केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या 129 ते 137 या नियमांनी दिलेला आहे. ड्रायव्हरला तीन दिवसांचं प्रशिक्षण हवं, लायसनवर तशी नोंद हवी, एक भारतीय भाषा आणि वर इंग्रजीही लिहिता-वाचता यायला हवी. केबिनमध्ये आग लागली तर काय करायचं याचा लेखी कागद. एवढी बडदास्त आपल्याकडे नवरदेवाचीही ठेवत नाहीत. अशी गाडी दिसली की अंतर ठेवून चाला, कारण ती खरंच धोकादायक आहे.

मग तीच टाकी गोदामातून छोट्या हत्तीवर, म्हणजे टेम्पोवर चढते आणि तिचा स्वभावच पालटतो. आता ती गरीब गाय. पाटीवर एजन्सीचं नाव आणि ‘आई तुळजाभवानी प्रसन्न’. आपत्कालीन माहिती म्हणून तेवढं पुरे. नियमात नुसतं ‘मालवाहू वाहन’ म्हटलंय. ते साखर पेठेच्या बोळात शिरलं की मालवाहू राहत नाही, असं काही म्हटलेलं नाही. पण तुम्ही असले बारकावे काढत बसू नका. बारकावे काढणाऱ्याची टाकी उशिरा येते. आणि भाषेचं म्हणाल, तर आमचा टेम्पोवाला गिऱ्हाईक बघून मराठी, तेलुगू, कानडी आणि हिंदी बोलतो. इंग्रजी तेवढी कच्ची.

टाकी उतरताना मात्र जरूर बघा. फळीवरून ती खाली टायरवर पडते, ठण्ण आवाज होतो आणि अख्ख्या वाड्याला कळतं की जोशीकाकूंचा गॅस आला. मग टाकी पोहोचवणारा मामा ती जराशी कलती करतो आणि बुडाच्या कड्यावर गरगर फिरवत दारापर्यंत आणतो. एक हात टाकीवर, दुसऱ्या हातात मोबाइल. भरलेली टाकी म्हणजे 14.2 किलो गॅस आणि जवळजवळ तेवढंच लोखंड. पण तोल असा, की सिद्धेश्वराच्या यात्रेत उंच नंदीध्वज पेलणाऱ्यांनी मान डोलवावी. गॅस सिलिंडर नियम, 2016 मध्ये टाक्या घसरवायला, आपटायला आणि त्यांच्याशी खेळायला मनाई आहे. होय, खेळायला. गॅसच्या टाकीशी कोण कशाला खेळेल, असं मला फार दिवस वाटायचं.

“मामा, काटा आणलाय का?”

“काटा टेम्पोत हाय की, काकू.”

“मग आणा की.”

“टेम्पो पुढं गेला की ओ.”

इथे विषय सोडून द्यायचा. टाकी देताना वजन करून दाखवणं आणि गळती तपासणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. पण हक्क म्हणजे कपाटातली पैठणी, रोज कुठे नेसतो? तसंच वरच्या पट्टीवर आतल्या बाजूला ‘सी-27’ असलं काहीतरी रंगवलेलं असतं. ए म्हणजे मार्च, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, पुढे वर्ष. त्या महिन्याअखेर टाकीची चाचणी व्हायला हवी, एवढाच त्याचा अर्थ. तारीख उलटून गेली असेल तर तिकडे बघू नका. लग्न ठरल्यावर कुणी पत्रिका बघतं का?

आता दुचाकी. भरलेली टाकी सायकलवरून किंवा कुठल्याही दुचाकीवरून न्यायची नाही, असं नियमात सरळ लिहिलंय. नियम करणाऱ्याने सोलापूर पाहिलं नसावं. शिवाय टाकी गोदामातून तुम्ही स्वतः उचलून आणली तर पोहोचवण्याचा खर्च बिलातून वजा होतो. तेवढ्यासाठी रिक्षा करणारा माणूस अजून जन्मायचाय, म्हणून स्कूटी. टाकी पायांच्या मधे ठेवा, आडवी. उभी ठेवली की तोंडाशी वायू असतो. आडवी केली की द्रव तोंडाशी येतो, आणि गळालाच तर सुमारे अडीचशे पट फुगतो. हा बारकावा मागे बसलेल्या बायकोला सांगू नका, ती उतरून चालत येईल. मे महिना, भर दुपार, 43 अंश, सात रस्त्याला सिग्नल. पोलीस बघेल. हेल्मेट कुठंय म्हणून विचारेल. टाकीचं नाही हो, तुमचं.

साठवणुकीत मात्र कायदा दिलदार आहे. 100 किलोपर्यंत एलपीजी ठेवायला परवाना लागत नाही. आपल्याला नेमका असा आकडा दिला की आपण त्याचा भागाकार करतो. सात टाक्या म्हणजे 99.4 किलो. म्हणजे सातवीपर्यंत तुम्ही गृहस्थ आणि आठवीला गुन्हेगार. लग्नघरी, आचाऱ्याच्या मांडवामागे हा हिशेब फार कामी येतो. मोजायला कुणी येत नाही हा भाग वेगळा. घरगुती लाल टाकी धंद्याला वापरायची नाही, असा 2000 सालचा आदेश आहे. म्हणून भज्याच्या गाड्यावर ती चादर पांघरून बसते. सोलापुरी चादर, अस्सल. टाकीला थंडी वाजते, हे बाहेरगावच्या लोकांना सांगून पटत नाही.

वास आला तर 1906 हा नंबर आहे, चोवीस तास. हा एक सल्ला सरळच घ्या. गॅस हवेपेक्षा जड, खालीच साठतो. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि दिव्याच्या बटणाला हात लावू नका. बाकीचा लेख पुन्हा उलटा वाचायला हरकत नाही.

गेल्या आठवड्यात टाकी तिसऱ्या मजल्यावर आली. लिफ्ट बंद होती. मामाने खांद्यावरून टाकी उतरवली, सील काढलं, वरून पाणी टाकलं. बुडबुडे आले. खिशातून चिमटा काढून त्याने वायसर बदलला आणि पुन्हा पाणी टाकलं. काही नाही. शर्ट पाठीला चिकटलेला. मी त्याला पाणी दिलं आणि नियम नुकतेच वाचले होते म्हणून विचारलं, “मामा, तुमचं ते तीन दिवसांचं ट्रेनिंग झालंय का ओ?”

त्याने तांब्या खाली ठेवला.

“तीन दिवस? मग तीन दिवस टाक्या कोण टाकणार?”

आणि रिकामी टाकी खांद्यावर घेऊन तो जिना उतरायला लागला. खाली अजून बावीस होत्या.