150 एमबीची डिस्क आणि 64 व्हिडिओ: एका फिरत्या हिशोबाचा प्रतिवाद

भाच्याच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्प अहवालात व्हॉट्सअॅपवर फिरणारा एक मजकूर जवळजवळ जसाच्या तसा उतरलेला दिसला, म्हणून हे लिहावे लागत आहे. मजकुराचे म्हणणे असे: हार्ड डिस्क सेकंदाला 150 एमबी वाचते, 4 एमबीपीएसच्या (सेकंदाला 4 मेगाबिट, म्हणजे अर्धा एमबी) 64 व्हिडिओंना जेमतेम 32 एमबी लागतात, तेव्हा व्हिडिओ सर्व्हरसाठी डिस्क शेड्यूलिंगचा (डिस्ककडे येणाऱ्या विनंत्या किती घ्यायच्या आणि कोणत्या क्रमाने पुऱ्या करायच्या, हे ठरवण्याचा) विचार निरर्थक आहे, फारच वाटले तर ज्याची मुदत आधी त्याचे काम आधी करावे, आणि एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवण करणारी डिस्क) घेतली की प्रश्नच मिटला.

पहिला मुद्दा हिशोबाचा आव आणतो आणि हिशोबातच फसतो. 150 एमबी हा सलग वाचनाचा वेग आहे. 64 जण 64 वेगळ्या फाइली पाहत असतील, तर हेडला (तबकडीवरून माहिती वाचणाऱ्या भागाला) सतत इकडून तिकडे धावावे लागते. 7200 आरपीएमच्या (मिनिटाला 7200 फेऱ्यांच्या) डिस्कची एक फेरी 8.33 मिलिसेकंदांची, म्हणजे हवा तो सेक्टर (तबकडीवरचा माहितीचा छोटा भाग) हेडखाली येईपर्यंत सरासरी 4.17 आणि त्याआधी हेड हलवण्यात साधारण 8 ते 9, असे 13 मिलिसेकंद एक बाइटही वाचण्यापूर्वी खर्ची पडतात. 64 केबीचे तुकडे मागितले तर सेकंदाला सुमारे 75 विनंत्या पुऱ्या होतात, म्हणजे 5 एमबीच्याही आत. कुठे 32 आणि कुठे 5! तुकडा 1 एमबीचा केला तर एका विनंतीला 20 मिलिसेकंद लागतात, सेकंदाच्या 32 विनंत्या 640 मिलिसेकंदांत उरकतात आणि काम बसते. पण त्यासाठी प्रत्येक प्रेक्षकामागे 1 एमबीचे दोन बफर (वाचलेला तुकडा तात्पुरता ठेवण्याच्या जागा), म्हणजे एकूण 128 एमबी मेमरी राखून ठेवावी लागते. शिवाय हाही हिशोब सरासरीचाच झाला. हमी द्यायची तर हेडची सर्वांत लांबची धाव धरून बेरीज करावी लागते आणि ती बसत नसेल तर नव्या प्रेक्षकाला नकार द्यावा लागतो. ज्याला निरर्थक म्हटले, ते शेड्यूलिंग हेच.

'मुदत आधी, काम आधी' (इंग्रजी लघुरूप ईडीएफ) या नियमाची लिऊ आणि लेलँड या संशोधकांची 1973 ची सिद्धता प्रोसेसरसाठी आहे. तिथे हातातले काम मध्येच थांबवता येते आणि काम बदलण्याचा खर्च शून्य धरलेला असतो. डिस्कवर नेमका तोच खर्च जिवावर येतो. म्हणूनच रेड्डी आणि वायली यांनी 1993 मध्ये स्कॅन-ईडीएफ हे डिस्कसाठीचे तंत्र मांडले: मुदत आधी पाहायची, पण एकाच मुदतीच्या विनंत्या हेडच्या वाटेतील क्रमाने उरकायच्या.

एसएसडीबद्दलचे म्हणणे अर्धे मान्य करावे लागेल, कारण तिथे हलणारे हेडच नाही. परंतु त्याच एसएसडीवर मोठे लेखन सुरू असेल, तर जुने ब्लॉक पुसण्याच्या अंतर्गत कामामागे वाचनाच्या विनंत्या अडकतात, आणि चालू व्हिडिओने थांबायचे की बॅकअपने, हे तेव्हाही कोणीतरी ठरवावेच लागते.